तिसऱ्या खांबाची बैठक

पुलाचा गर्डर खांबाच्या माथ्यावर नेमका किती टेकलेला असतो, आणि जमीन हलली तर तेवढे टेकणे पुरते का? या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठी मी हे लिहायला घेतले. प्रश्न रुक्ष आहे. दिल्लीत एका सरकारी खात्यात पुलांच्या तपासणीचे काम करताना कित्येक वर्षे मलाही तो रुक्षच वाटत होता. रजिस्टरमधल्या एका रकान्याएवढा. पुढे माझी मुलगी रोज दोनदा एका ठरावीक पुलावरून जाऊ लागली आणि मला त्या रकान्याची भीती वाटू लागली.

आधी प्रश्न समजून घेऊ. टेबलावर पुस्तकांच्या सारख्या उंचीच्या दोन थप्प्या ठेवा आणि त्यांवर लाकडी फूटपट्टी आडवी ठेवा. हा झाला एका गाळ्याचा पूल: पट्टी म्हणजे गर्डर, थप्प्या म्हणजे खांब. आता टेबल हलवा. पट्टी मोडत नाही. थप्प्याही बहुधा कोसळत नाहीत. त्या एकमेकींपासून किंचित दूर सरकतात, पट्टीचे एक टोक काठावरून निसटते आणि पट्टी खाली येते. भूकंपात अनेक पूल असेच पडतात. मोडत नाहीत, निसटतात. पट्टीचे टोक पुस्तकावर जेवढे आत गेलेले असते, त्याला आम्ही बैठक म्हणत असू. बैठक लांब असेल तर पट्टी सरकते, पण पडत नाही. गाळा जितका लांब आणि खांब जितका उंच, तितकी बैठक जास्त लागते. एवढे ध्यानात ठेवले की पुढचे सारे कळेल.

मी सांगते आहे तो पूल नोएडाच्या वाटेवर, एका रुंद नाल्यावर होता. पाच गाळे, चार खांब. प्रत्येक खांबाच्या माथ्यावर दोन बाजूंचे दोन गर्डर येऊन टेकत आणि त्यांच्या टोकांमध्ये तीन बोटांची फट असे. नकाशात प्रत्येक बैठक बेचाळीस सेंटिमीटर दाखवली होती. भूकंपाच्या हिशेबाने साडेएकेचाळीस लागत होती. म्हणजे पूल पास होता, पण काठावर.

त्याची तपासणी मी एका मे महिन्यात केली. माझ्याबरोबर हरियाणाकडचे एक वयस्क मिस्त्री होते. शिडी, टेप आणि माझा तोल, तिन्ही तेच सांभाळत. पहिला आणि दुसरा खांब मोजून झाला. आकडे नकाशाच्या जवळपास आले. कुठे साडेएकेचाळीस, कुठे त्रेचाळीस. जागेवर ओतलेले काँक्रीट नकाशाचे अक्षरशः ऐकत नाही, हे आम्हाला ठाऊक होते. तिसऱ्या खांबाला शिडी लावली आणि मिस्त्री दोन पायऱ्या चढून तसेच खाली आले. माथ्याखाली आग्या मोहोळ लोंबत होते, परातीएवढे, आणि त्याच्यावरून उन्हात लाट सरकावी तशी माश्यांची हालचाल सरकत होती.

"मैडम जी, इनको नोटिस भेज दें? पंद्रह दिन में जगह खाली करो," मिस्त्री म्हणाले.

"सरकारी क्वार्टर है. हमसे पहले इनको अलॉट हो गया," मी म्हणाले.

आम्ही हसलो. मग चौथा खांब मोजला. तोही ठीक निघाला. मी रजिस्टर उघडून तिसऱ्या खांबाच्या रकान्यापाशी थांबले.

"लिख दो जी बयालीस," मिस्त्री म्हणाले. "बाकी तीनों सगे भाई हैं, यह कौन-सा सौतेला निकलेगा?"

मी लिहिले. डावी बाजू ४२, उजवी बाजू ४२. खाली सही केली.

हे लिहिताना साताऱ्यातल्या आमच्या शाळेचे भूमितीचे मास्तर मला आठवतात. त्यांचा एक नियम होता. स्वतः मोजलेले माप शाईने लिहायचे. पुस्तकातून किंवा शेजाऱ्याच्या वहीतून घेतलेले माप शिसपेन्सिलीने. "पेन्सिलीची लाज नाही, शाईची जबाबदारी असते," असे ते म्हणत. दहावीपर्यंत मी तो नियम कधी मोडला नाही, नोकरीतही तोवर नाही. त्या दिवशी पिशवीत पेन्सिल होती. पण पेन्सिलीने लिहिले असते तर तो खांब पुन्हा मोजावा लागला असता. शिडी, गाडी, मिस्त्री, सगळे पुन्हा मागवावे लागले असते. आमच्या कामात हे सर्रास चाले. जिथे हात पोचत नसे तिथे नकाशा पोचत असे. मी ते पाप मानले नाही, आणि घरी येईपर्यंत विसरूनही गेले.

तीन वर्षांनी मुलीला नोएडाच्या एका शाळेत गणित शिकवायची नोकरी लागली. आम्ही तेव्हा लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. शाळेची बस सरोजिनी नगरच्या कोपऱ्यावर येई. दक्षिण दिल्लीतली मुले आणि चार-पाच शिक्षिका घेऊन पुढे जाई. पहिल्या दिवशी संध्याकाळी तिने चहा पिताना बसचा रस्ता सांगितला. नाल्यावरचा पूल आला तेव्हा मी कप खाली ठेवला.

"काय गं आई? साखर नाही घातली का?"

"घातली आहे. बस त्या पुलावरूनच जाते का?"

"अच्छा, तुझा पूल आहे का तो? मग तर बिल्कुल सेफ!" ती तिच्या बाबांकडे वळून हसली. "बाबा, आता मी सगळ्यांना सांगणार, हा पूल माझ्या आईने पास केलाय."

माझे यजमान वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणाले, "तुझी आई पूल पास करते, पण मी आणलेली भाजी मात्र कधी पास करत नाही."

मीही हसले असेन. रात्री अंथरुणावर पडल्यावर तो रकाना डोळ्यांपुढे आला. ४२, ४२. मी स्वतःशी हिशेब मांडला. नकाशा बरोबर असण्याची शक्यता मोठी. बाकीचे तीन खांब बरोबर. दिल्लीत धक्के येतात, पण बहुतेक किरकोळ असतात. तिन्ही विधाने खरी होती, आणि तिन्ही मिळून एकही बैठक मोजली जात नव्हती. सकाळी उठून मी तिचा डबा भरला आणि कामाला गेले. असे मी अनेक महिने केले. याहून मोठी चूक माझ्या हातून झालेली नाही. पहिल्या चुकीला निदान मधमाश्यांचे कारण होते.

मग प्रजासत्ताक दिनाची ती सकाळ आली. मुलगी झेंडावंदनासाठी सव्वाआठच्या बसने निघाली. संचलनामुळे बरेच रस्ते बंद होते, त्यामुळे बस नेहमीपेक्षा हळू जाईल असे ती म्हणाली होती. पावणेनऊच्या सुमारास मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. ओट्यावरचे स्टीलचे डबे एकमेकांना लागून बारीक वाजू लागले. उंदीर असेल असे वाटून मी फळीवर हात आपटला. डबे वाजतच राहिले. भांड्यातले पाणी एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे संथपणे जात-येत होते.

"अगं, मला चक्कर येते आहे का?" बाहेरून हे म्हणाले.

"चक्कर नाही. पंखा बघा."

बंद पंखा दांडीसकट झुलत होता. मी मोजू लागले. मोजणे ही माझी सवय, त्या क्षणीही सुटली नाही. एक, दोन, तीन. आकडा विसाच्या पुढे गेला. हे माझा दंड धरून मला दाराबाहेर घेऊन गेले. खाली मैदानात सगळे क्वार्टर जमले होते. कुणी हसत होते, कुणी मुलांची नावे घेत होते. माझ्या हाताला कणीक चिकटलेली होती. मी घड्याळ पाहिले आणि मनात बस चालवू लागले. सरोजिनी नगरहून सव्वाआठ. बंद रस्त्यांचा वळसा. आता ती कुठे असेल? हिशेब पुन्हा पुन्हा पुलापाशी येऊन थांबत होता.

वर जाऊन शाळेला फोन लावला. घंटा वाजत राहिली. झेंडावंदनाच्या दिवशी सगळी शाळा मैदानावर असणार, हे मला समजत होते. पण घंटेचा प्रत्येक ठोका मला खांबाच्या माथ्यावरून निसटणाऱ्या लोखंडासारखा ऐकू येत होता. हे म्हणाले, "अगं, दूरवर कुठेतरी झाला असेल. इथे एक कपसुद्धा फुटला नाही. तू तर इंजिनिअर आहेस, आम्हाला धीर द्यायचा तर तूच अशी!" मी इंजिनिअर होते म्हणूनच अशी झाले होते, हे त्यांना सांगायला माझ्याकडे तोंड नव्हते.

दहा वाजून गेल्यावर फोन वाजला.

"आई, तुम्हाला जाणवलं का गं? आम्ही ना, बसमध्ये होतो. पुढे पोलिसांनी ट्रॅफिक थांबवलेलं, तुझ्या पुलावर लाइन लागलेली. बस अशी डोलायला लागली. ड्रायव्हर भैया खाली उतरून टायर बघत होते, यार! मुलं हसत होती."

"पुलावर कुठे उभी होती बस?"

"म्हणजे?"

"सुरुवातीला, मध्ये, की शेवटी?"

"मध्ये असेल. आई, तू रडतेस?"

त्या सकाळी गुजरातेत काय झाले ते सगळ्या देशाला ठाऊक आहे. आमच्यापर्यंत आली ती त्या धक्क्याची फार दमलेली लाट होती. तो धक्का दिल्लीच्या पायाखाली झाला असता तर, हा विचार मी त्या दिवशी पूर्ण करू शकले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिस्त्रींना घेऊन पुलाखाली गेले. थंडीत आग्या मोहोळ उठून गेलेले होते. माथ्याखाली रिकाम्या पोळ्याचा काळपट पापुद्रा तेवढा लटकत होता. माश्या दर हिवाळ्यात जात असणार. मला एक नाही, तीन हिवाळे मिळाले होते.

शिडीवर मी स्वतः चढले आणि टेप लावली. नोएडाच्या बाजूच्या गर्डरची बैठक सत्तावीस सेंटिमीटर होती. पुन्हा लावली. सत्तावीस. दुसऱ्या बाजूची मोजली. सत्तावन्न. दोन्हींची बेरीज चौऱ्याऐंशी, बेचाळीस दुणे चौऱ्याऐंशी. बेरीज बरोबर होती, वाटणी चुकली होती. पूल बांधताना हा एक खांब पंधरा सेंटिमीटर सरकून उभा राहिला होता, आणि वरचे गर्डर मात्र ठरल्या जागी ठेवले गेले होते. डोक्यावरून एक ट्रक गेला. सत्तावीस सेंटिमीटरवर टेकलेले ते जड टोक माझ्या कपाळाच्या पातळीला होते. ते किंचित थरथरले. पूल वाहनांखाली थरथरतातच, हे मी शंभरदा पाहिले होते. तरी मी झटकन मागे झुकले आणि मिस्त्रींना खालून शिडी घट्ट धरावी लागली.

"कितना आया, मैडम जी?"

मी आकडा सांगितला. त्यांनी वर माथ्याकडे पाहिले. मग पगडी सरळ करून म्हणाले, "सौतेला ही निकला."

संध्याकाळी मी मुलीला समोर बसवले आणि मोहोळापासून सत्तावीसपर्यंत सगळे सांगितले. शेवटी मी म्हणाले, "सोमवारपासून तू बसने जाऊ नकोस. लांबच्या रस्त्याने जा, दुसऱ्या पुलावरून."

"आणि बस?"

"बसचं मी ऑफिसमधून करते काहीतरी."

"म्हणजे मी वाचले, आणि माझ्या वर्गातली मुलं त्याच पुलावरून येणार. मस्त." मग तिने विचारले, "आई, तो दुसरा पूल कुणी मोजलाय?"

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सोमवारी ऑफिसात जाऊन मी त्या दुसऱ्या पुलाचे रजिस्टर काढले. आकडे सुंदर होते. सगळे शाईने, एका हाताचे, एका दमात लिहिलेले, आणि सगळेच्या सगळे नकाशाशी तंतोतंत जुळणारे. एकही साडेएकेचाळीस नाही, एकही त्रेचाळीस नाही. ज्याने खरोखर मोजले आहे त्याचे आकडे इतके नीट येत नाहीत. मग मी माझे रजिस्टर शेजारी उघडून ठेवले. चार खांबांत तिसऱ्याचेच दोन आकडे नकाशासारखे स्वच्छ होते. कुणी एक मिनिट रोखून पाहिले असते तर माझी लबाडी तेव्हाच उघडी पडली असती. मी आणखी तीन रजिस्टरे काढली; त्यांतही आकडे नकाशाशी तंतोतंत जुळत होते, आणि मी ती मिटून ठेवली. एका पुलाची भीती घेऊन मी आत गेले होते आणि एका शहराची भीती घेऊन बाहेर आले.

त्याच दिवशी टिपण लिहिले: तिसऱ्या खांबाची बैठक एका बाजूला सत्तावीस आहे, आधी नोंदलेले बेचाळीस मी मोजलेले नव्हते, नकाशातून उतरवले होते. वरिष्ठांनी ते दोनदा वाचले. माणूस वाईट नव्हता.

"मैडम, इतना लिखिए कि अब सत्ताईस पाया गया. पहले वाली लाइन काट दीजिए. कागज़ पर पुल ठीक खड़ा है, आप अपने आप को क्यों गिरा रही हैं?"

मला मोह झाला, हे लपवत नाही. पण ती ओळ खोडली तर काय होईल, ते मी त्यांना पायरीपायरीने सांगितले. तीन वर्षांपूर्वी बेचाळीस होते आणि आज सत्तावीस आहे असे वाचणारा म्हणेल, खांब सरकतो आहे. मग तो पायाखालची माती तपासेल, खांबावर खुणा करून महिनोन्महिने वाट पाहील. खांब सरकत नव्हता; तो पहिल्यापासून तिथेच होता. एका खोट्या आकड्यामुळे सगळे खाते चुकीच्या आजारावर औषध देत बसले असते, आणि तेवढे महिने बस वरून जात राहिली असती.

त्यांनी टिपण फायलीत लावले. मग म्हणाले, "आपसे जवाब माँगा जाएगा."

"माँगिए, सर."

जबाब मागितला गेला, मी तो दिला, आणि सेवापुस्तिकेत ताकीद नोंदली गेली. ती आजही तिथे असेल. ती योग्य होती.

रोजच्या वाहतुकीला सत्तावीस पुरत होते, धक्क्याला नव्हते, म्हणून पूल बंद झाला नाही; पण पंधरवड्यात त्या गर्डरच्या टोकाखाली लोखंडी टेकू उभे राहिले, म्हणजे टोक निसटलेच तर टेकूवर अडेल. कायमचे काम व्हायला पावसाळ्यानंतरचे महिने उजाडले. खांबाच्या माथ्यात सळया गाडून काँक्रीटचा कट्टा पुढे वाढवला, आणि समोरासमोरचे गर्डर जाड पोलादी दोरांनी एकमेकांना बांधले, जेणेकरून एक सरकला तर दुसरा त्याला धरील. दुसऱ्या पुलाची आणि त्या तीन रजिस्टरांतल्या पुलांची मोजणी पुन्हा करावी असेही मी टिपणात लिहिले होते. दुसऱ्या पुलाची झाली. ती मीच केली, आणि तो ठीक निघाला. उरलेल्या तिन्हींची झाली की नाही, हे मला बदली होईपर्यंत कळले नाही. ते मला अजूनही छळते.

त्या सगळ्या महिन्यांत मुलगी बसनेच जात राहिली. टेकू लागण्याआधीच्या पंधरा दिवसांत मी तिला एकदा हात जोडून थांबायला सांगितले. ती म्हणाली, "तू तुझं काम कर ना आई, मी माझं करते." रोज सकाळी पावणेनऊला मी ऑफिसात टेबलावर तळहात टेकून बसे, लाकूड हलते का ते पाहत. शेजारचे सहकारी विचारत, "मैडम, मेज़ की नब्ज़ देख रही हैं?" मी हो म्हणत असे.

कट्टा पुरा झाला त्या दिवशी शाळा सुटल्यावर मुलगी सरळ पुलाखाली आली. साडीचा पदर खोचून शिडीवर चढली. मी खालून शिडी धरली. मिस्त्रींनी मला धरू दिली. टेपचे टोक तिने गर्डरखाली लावले.

"बावन्न," ती वरून म्हणाली.

"पुन्हा लाव."

"बावन्नच आहे गं आई."

"त्याच टोकाच्या दुसऱ्या कडेला लाव."

तिने लावली. एक्कावन्न आणि अर्धा. तो अर्धा ऐकून माझा विश्वास बसला. मी रजिस्टरमध्ये तिने वाचलेले दोन्ही आकडे पेन्सिलीने लिहिले, कारण मोजणारी मी नव्हते. मग ती खाली उतरल्यावर मी वर चढले, स्वतः मोजले आणि त्यांच्याखाली शाईने लिहिले.

सुरुवातीच्या प्रश्नाचे मला मिळालेले उत्तर असे: गर्डर खांबावर किती टेकला आहे, हे नकाशा सांगू शकत नाही; जो वर चढून मोजतो तोच सांगू शकतो. माझेही हे सांगणे तुमच्यासाठी पेन्सिलीचेच आहे. म्हणून विनंती इतकीच: फूटपट्टी आणि पुस्तके घेऊन टेबल एकदा हलवून पाहा. तुम्ही रोज ज्या पुलावरून जाता त्याच्याखाली, सुरक्षित जागी उभे राहून, गर्डरची टोके माथ्यावर दोन्हीकडे सारखी टेकली आहेत का ते पाहा. तुमच्या ओळखीत कुणी त्या कामात असेल तर बैठक शेवटची कधी आणि कुणी मोजली ते विचारा. आणि मी वर दिलेली बेरीजही कृपया स्वतः करून पाहा.